काळा भुंगेरा चिरडण्याआधी त्याचा फोटो काढा

पाऊस पडून गेला की येवला, सिन्नर, निफाडकडे मका-सोयाबीनची खुरपणी करताना ढेकळाखालून भुंगेरे निघतात. ‘हुमणी (पिकाची मुळं खाणारी कीड) आली’ म्हणत सगळेच पायाखाली चिरडले जातात. यातले भराभर पळणारे बहुतेक शिकारी असतात. ते रात्री फिरून लष्करी अळी, रोपं कुरतडणारी अळी आणि मातीतले कोष खातात. त्यांना मारणं म्हणजे आपलाच राखणदार मारणं.

ओळख अवघड नाही. हुमणीचा भुंगेरा तपकिरी, जाड आणि सुस्त असतो. मिशांच्या टोकाला पानांसारख्या पाकळ्या असतात आणि तो सायंकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतो. शिकारी भुंगेऱ्याचे पाय लांब, मिशा दोऱ्यासारख्या, जबडे पुढे आलेले आणि पाठीवर बहुधा बारीक उभ्या रेघा असतात. अळ्यांतही फरक आहे. हुमणीची पांढरी अळी इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, तर शिकाऱ्याची सरळ, चपळ, मागे बहुधा दोन शेपट्या असलेली.

काळ्या पाठीवर सहा पांढरे ठिपके असलेला मोठा भुंगेरा दिसला तर हात लावू नका. तो आम्ल फवारतो. डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. पिवळ्या-काळ्या रंगाची एक जात पाठीमागून फट्ट आवाज करत गरम फवारा सोडते. लहान मुलांना या दोन्हींपासून लांब ठेवा.

फोटोसाठी भुंगेरा पकडायला सांजवेळी प्लास्टिकचा ग्लास मातीत असा पुरा की काठ जमिनीशी अगदी सपाट बसेल. तळाला बारीक भोकं पाडा आणि वर दगडांवर टेकवून छोटं छप्पर ठेवा, नाहीतर पावसात आतले किडे बुडतील. सकाळी लवकर बघा. भुंगेरा पांढऱ्या ताटात घेऊन सावलीत फोटो काढा. उन्हात पाठ चमकते आणि रेघा दिसत नाहीत. वरून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो घ्या, शेजारी नाणं ठेवा. फार पळत असेल तर डबीत घालून पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मंदावतो. गाव, पीक, तारीख लिहून ठेवा आणि शंका असेल तर कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. मग भुंगेरा बांधावर सोडून द्या.

बांधावरचं सगळं गवत मात्र जाळू नका, दिवसा शिकारी भुंगेरे तिथेच लपतात. हुमणीसाठी प्रकाश सापळा (दिव्याकडे येणारे किडे खालच्या भांड्यात पकडणारा) लावला असेल तर रॉकेलच्या पाण्याऐवजी कोरडी बादली वापरा. सकाळी निवडून हुमणीचे नष्ट करा, शिकारी शेतात सोडा.