मोसंबीच्या सालींचं फरशी-क्लीनर

लिंबा-मोसंबीच्या साली कचऱ्यात जातात आणि फरशी पुसायला क्लीनर मात्र विकत येतं.

1. 2 लिटरच्या प्लास्टिक बाटलीत 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम साली, 1 लिटर पाणी घाला. गूळ काळपट, स्वस्तातला चालतो. काचेची बाटली नको, गॅसने फुटते.
2. पहिला महिना रोज झाकण सैल करून फुस्स होऊ द्या. हे विसरायचं नाही.
3. तीन महिन्यांनी गाळा. थोडा चोथा पुढच्या बाटलीत विरजणासारखा घाला, काम लवकर होतं.

अर्ध्या बादलीला दोन-तीन झाकणं पुरतात. सिंकच्या चिकटपणाला थोडं दाट घ्या.

शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवरावर मात्र वापरू नका. आंबटपणाने दगडाची चकाकी जाते.