डब्लिनमधला बिनपगारी कोच: गेलिक फुटबॉलकडे वळणाऱ्यांसाठी

आधीच सांगून टाकतो, यात पगार नाही. गेलिक फुटबॉल, म्हणजे हातापायांनी खेळायचा आयर्लंडचा आपला फुटबॉल, चालवणारी जीएए (गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन) ही संस्था १८८४ साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली आणि आजही ती हौशी खेळाडूंचीच आहे. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये ऐंशी हजार लोकांसमोर फायनल खेळलेला गडी पुढच्या आठवड्यात आपल्या नोकरीवर हजर असतो. मॅनेजरचंही तेच. मीथ काउंटीला (काउंटी म्हणजे जिल्हा) चार वेळा ऑल-आयर्लंड, म्हणजे आयर्लंडचं अजिंक्यपद, जिंकून देणारे शॉन बॉयलन पोटापाण्यासाठी वनौषधी देत. केरी काउंटीचे जॅक ओ'कॉनर पेशाने शिक्षक होते. डब्लिनला २०१५ ते २०१९ सलग पाच अजिंक्यपदं मिळवून देणारे जिम गॅविन नोकरी करत होते विमान वाहतूक क्षेत्रात. मॅनेजरला प्रवासखर्च मिळतो. वरकड पैशांची कुजबुजही चालते, पण तो विषय वेगळा. पगारी नोकऱ्या आहेत त्या काउंटी बोर्डांकडे, शाळा-क्लबांत फिरून खेळ शिकवणाऱ्यांच्या. त्याही मोजक्याच.

मी यात पडलो मुलामुळे. तो सहा वर्षांचा असताना शनिवारी सकाळी त्याला क्लबात सोडायचो आणि कॉफी घेऊन कुंपणाशी उभा राहायचो. तिसऱ्या शनिवारी कोणीतरी हातात प्लॅस्टिकचे कोन दिले, 'जरा मांडतोस का?' झालं! इथले निम्मे कोच असेच भरती झालेत.

मग कागदपत्रं. मुलांबरोबर काम करायचं तर गार्डा व्हेटिंग, म्हणजे पोलिसांमार्फत पडताळणी, आणि बालसुरक्षेची कार्यशाळा, दोन्ही सक्तीचं. त्यानंतर कोचिंगचा सुरुवातीचा कोर्स आणि पुढे अवॉर्ड १ ही वरची पायरी.

खेळ मात्र मला ओ की ठो येत नव्हता. चेंडू हातात घेऊन चारच पावलं जाता येतं. मग तो जमिनीवर आपटायचा किंवा पायाच्या बोटांनी उडवून परत हातात घ्यायचा. या दुसऱ्या प्रकाराला सोलो म्हणतात. लागोपाठ दोनदा आपटायचा नाही. अडतिसाव्या वर्षी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी सोलो शिकलो, शेजाऱ्यांची भरपूर करमणूक करत. कामी आला तो शाळेतला खो-खो. हुलकावणी कशी द्यायची, अंग कुठे झुकवायचं, हे मला दाखवता येत होतं. वॉर्म-अपला मी साखळी खेळवतो. पोरं 'चेन, चेन' करत स्वतःच मागे लागतात.

माझी सगळ्यात मोठी चूकही ऐका. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी इथे 'गो गेम्स' असतात. सगळ्यांनी खेळायचं, जिंकण्या-हरण्याचा बाऊ करायचा नाही. मला हे पाठ होतं. तरी एका सामन्यात एक गुण मागे पडलो आणि मी एका हळू पळणाऱ्या पोराला जवळजवळ पूर्ण वेळ बाहेर बसवलं. त्याची आई काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी तो आलाच नाही. मी घरी जाऊन माफी मागितली, त्याच्याच समोर. तो परत आला, पण तीन आठवड्यांनी. तेव्हापासून खिशात चिठ्ठी असते, कोण किती मिनिटं खेळलं त्याची. आपल्याकडच्या 'पहिला नंबर' वाल्या घरांतून आलेल्यांना हे जास्त जड जातं, असं माझं मत.

आत यायला वेळ बरी आहे. २०२५ पासून मोठ्यांच्या खेळाचे नियम बदलले: गोलसमोर आखलेल्या चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या किकला दोन गुण, आणि मैदानाच्या दोन्ही अर्ध्या भागांत प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू ठेवायचेच. त्यामुळे मुरलेल्या मॅनेजरांनाही डावपेच नव्याने मांडावे लागले.

आता चौदा वर्षांखालच्या ब संघाचा मी मॅनेजर आहे. सामन्याला अंगावर घालायच्या बिबवर (बिनबाह्यांच्या बंडीवर) आयरिशमध्ये 'बानिश्टोर' लिहिलेलं असतं, म्हणजे मॅनेजर. ते फुकट मिळतं. बूट मात्र स्वतः घ्या, आणि खिळ्यांचेच घ्या. जानेवारीतल्या चिखलात साधे बूट टिकत नाहीत. माझा डावा अजून तिथेच कुठेतरी आहे.