स्पिरिटच्या बोळ्यांचा तो स्टीलचा डबा

जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला आहात आणि नुकतेच वॉर्डला लागलात, तर इंजेक्शनच्या ट्रेमध्ये तो डबा दिसेलच. सकाळी कापसाचे बोळे वळून भरायचे, वरून स्पिरिट ओतायचं, दुपारी सुकल्यासारखे वाटले की परत थोडं ओतायचं. मी आठ महिने हेच केलं, वर बोळे एकसारखे होतात म्हणून सिस्टरांची शाबासकी. प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या मॅडमनी झाकण उघडलं आणि विचारलं, "यात आत्ता अल्कोहोल किती टक्के उरलंय?" मी गप्प!

हे नीट डोक्यात घ्या. कातडी पुसायला ६० ते ७० टक्के अल्कोहोल लागतं. अगदी प्युअर घेऊन उपयोग नाही, थोडं पाणी असेल तरच जंतूंचं प्रोटीन नीट मोडतं. आता डबा दिवसभर उघडतोय-मिटतोय, अल्कोहोल उडतं, पाणी मागे राहतं. त्यात प्रत्येकजण बोटं घालतो, चिमटा कोण शोधत बसतंय. आणि काही जंतूंचे स्पोअर, म्हणजे त्यांची टणक कवचातली झोपलेली रूपं, स्पिरिटमध्ये मरतच नाहीत, म्हणजे ज्याने पुसायचं तेच खराब. डब्ल्यूएचओच्या २०१० च्या इंजेक्शनच्या गाईडलाईनमध्ये स्पष्ट दिलंय, आधीच भिजवून ठेवलेला कापूस वापरू नका. पाकिटातला स्वॅब घ्या, नसेल तर कोरडा बोळा त्याच वेळी भिजवा.

पुसायचं मधून बाहेर, ३० सेकंद, मग ३० सेकंद सुकू द्यायचं. फुंकर मारू नका प्लीज, मी मारायचे. ओल्यावर टोचलं की पेशंटला चरचरतं. कातडी मळलेली असेल तर आधी साबण-पाणी. बीटाडीनला काम करायला दोनेक मिनिटं लागतात, साध्या इंजेक्शनला त्याची गरज नसते. बाळाला बीसीजी देताना स्पिरिट नाहीच, स्वच्छ पाण्याने पुसा.

सीनियरकडून शीर शोधायला जरूर शिका, त्यांच्यासारखा हात कुणाचा नसतो, पण "इतकी वर्षं असंच करतोय, काय झालं?" हे सोडून द्या. हात थरथरतो म्हणून घाबरू नका, सगळ्यांचा थरथरतो, महिन्याभरात बसतो.

आणि पोलीस केसमध्ये दारूच्या टेस्टसाठी रक्त काढायला सांगितलं तर सवयीने स्पिरिट लावू नका, अल्कोहोल नसलेलं काहीतरी घ्या. मॅडमचा दुसरा प्रश्न हाच होता, तोही मला आला नाही.