इंजिन बंद पडलं तर या चुका टाळा

इंदूरला विमान शिकायला येणाऱ्या मुलांना सोलोची, म्हणजे एकट्याने उडण्याची, घाई असते. इंजिन बंद पडल्यावर काय करायचं, हे त्यांना तोंडी परीक्षेपुरतं हवं असतं. म्हणून दर बॅचला त्याच चुका दिसतात.

सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे टेक-ऑफनंतर लगेच इंजिन गेल्यावर माघारी वळणं. "सर, धावपट्टी तर मागेच आहे!" आहे, पण १८० अंश वळून ती मिळत नाही. वळताना विमान बाजूला सरकतं, त्यामुळे आणखी वळावं लागतं. इंजिनाविना सेसना १७२ हे आमचं शिकवण्याचं छोटं विमान मिनिटाला साधारण सातशे फूट खाली येतं आणि संथ वळणाने अर्धं वर्तुळ पुरं करायलाच एक मिनिट लागतं. पाचशे फुटांवर हे बसवायला मुलं विमान जास्त झुकवून नाक वर ओढतात. ज्या वेगाखाली पंख विमानाला तोलून धरत नाहीत, तो स्टॉलचा वेग ४५ अंशांच्या झुकावात १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. तिथे स्टॉल झाला की सावरायला उंचीच उरत नाही.

मी प्रत्येकाला भरपूर उंचीवर नेतो, थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा नॉब) बंद करायला लावतो आणि चार सेकंद हलू देत नाही, कारण खरोखर घडेल तेव्हा दचकण्यात तेवढे जातातच. मग वळायला सांगतो आणि अल्टिमीटर मोठ्याने वाचायला लावतो. गेलेली उंची स्वतःच्या तोंडून वाचली की वाद संपतो. नाक खाली घ्या आणि समोर, थोडं डावी-उजवीकडे, जे मोकळं असेल तिथे उतरा.

दुसरी चूक कार्ब्युरेटर हीटची, म्हणजे कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवायला गरम हवा सोडणाऱ्या नॉबची. भर पावसाळ्यात देवासकडून परतताना एक विद्यार्थी थ्रॉटल कमी ठेवून बराच वेळ खाली येत होता, हीट न लावता. आरपीएम हळूहळू उतरले, इंजिन थरथरायला लागलं. त्याचा हात आधी रेडिओकडे गेला आणि इकडे वेग पडत चालला. मी नाक खाली केलं, हीट ओढायला सांगितली. इंजिन आणखी खडखडलं, तसा घाबरून त्याने नॉब परत आत ढकलला! वितळलेल्या बर्फाचं पाणी इंजिनात जातं, म्हणून सुरुवातीला असंच होतं. हीट पूर्ण ओढून धीर धरायचा. तेवढ्यानेच आमचं इंजिन पूर्ववत झालं. बाहेर वीस-पंचवीस अंश असले तरी दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, यावर मुलांचा विश्वासच बसत नाही.

क्रम असा: आधी ग्लाइडचा (इंजिनाविना तरंगण्याचा) वेग, मग जागा, मग इंधन, मिक्श्चर (हवा-इंधनाचं प्रमाण), मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रणा). मेडे, म्हणजे रेडिओवरची संकटाची हाक, त्यानंतर.

इंदूर विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० फुटांवर आहे. क्यूएनएचवर (अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवेल असं लावल्यावर) २८५० दिसले तरी खाली हजारच फूट असतात, आणि वारा नसेल तर तेवढ्यात जेमतेम दीड नॉटिकल मैल जाता येतं.

पावसाळ्यात सोयाबीनचं शेत वरून मऊ हिरवं दिसतं, पण माळव्याच्या काळ्या चिखलात नाकाचं चाक रुततं आणि विमान उलटतं. गहू कापलेलं शेत चांगलं. सरींना समांतर उतरा. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधा. हायवेचा मोह नको.

टेकण्याआधी दारं किलकिली करा, धक्क्याने चौकट वाकली तर ती अडकतात. फ्लॅप (पंखांमागच्या, उतरताना खाली करायच्या झडपा) विजेवर चालणारे असतील तर ते पूर्ण उतरल्यावरच मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद करा.