लोकरीचा गालिचा: आधी धूळ, पाणी सगळ्यात शेवटी

गालिचा मळका दिसला की हात आधी बादलीकडे जातो. माझं सांगणं असं, की आधी तो उलटा घाला. लोकर डाग लवकर धरत नाही, पण धूळ आणि बारीक रेती मात्र लवेच्या, म्हणजे वरच्या मऊ केसाळ थराच्या, बुडाशी साठवून ठेवते. वरून गालिचा स्वच्छ दिसतो आणि खाली प्रत्येक पावलागणिक रेतीच्या धारदार कडा धागे कापत असतात. गालिचे झिजतात ते मुख्यतः यामुळे.

माझ्या बैठकीच्या खोलीत लाल जमिनीचा, पांढरट काठाचा, हाताने गाठी मारून विणलेला गालिचा आहे. त्याची लव खाली आणि पाठ वर करायची, पाठीवरून व्हॅक्यूम क्लीनर सावकाश फिरवायचा, मग तळहाताने थोपटायचं आणि गालिचा अलगद बाजूला उचलायचा. फरशीवर पिठासारख्या बारीक रेतीचा थर पडलेला असतो. तो झाडून पुन्हा तेच करायचं, रेती पडणं जवळजवळ थांबेपर्यंत. मग सुलटा करून लवेच्या दिशेने व्हॅक्यूम. दिशा हाताला कळते: एकीकडून हात फिरवला तर मऊ लागतं, उलटीकडून खरखरीत. व्हॅक्यूमचा फिरता ब्रश बंदच ठेवा, तो लोकर उपसतो. गोंड्यांवरून तर व्हॅक्यूम नेऊच नका. हाताने विणलेल्या गालिच्यात गोंडे म्हणजे विणीच्याच उभ्या धाग्यांची टोकं. ती तुटली की काठाच्या गाठी सुटायला लागतात. मध्येच एखादा धागा वर आलेला दिसला तर ओढू नका, कात्रीने लवेच्या बरोबरीने कापा. जुना गालिचा दोरीवर टाकून बडवणंही टाळा, त्याने उभे धागे तुटतात.

काही सांडलं तर लगेच टिपून घ्या. घासू नका, घासल्याने लोकरीची गुठळी होते आणि डाग आणखी आत जातो. पांढरं सुती फडकं कडेकडून मध्याकडे दाबत जायचं, मग गार पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने तसंच. तरी राहिलं तर पाव लिटर गार पाण्यात लोकरीच्या कपड्यांसाठीच्या सौम्य लिक्विडचे दोन-चार थेंब घाला, त्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने टिपा आणि शेवटी साध्या पाण्याने साबण टिपून काढा. साबण उरला तर त्याच जागी पुन्हा मळ धरतो. नेहमीची कपड्यांची पावडर वापरू नका. लोकर म्हणजे केसांसारखंच केराटिन, एक प्रथिन. पावडरीतला क्षार तिला कमकुवत करतो आणि बऱ्याच पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्सही असतात. क्लोरीनच्या ब्लीचने तर लोकर पिवळी पडते, पुढे विरघळतेसुद्धा. गरम पाणी आणि जोराची घासाघीस एकत्र आली की लव आटून तिचा नमदा, म्हणजे घट्ट गुंतलेला जाड थर, होतो.

पूर्ण धुवायचा विचार असेल तर आधी पाठ बघा. समोरची नक्षी मागेही स्पष्ट दिसत असेल आणि गाठी मोजता येत असतील तर तो गाठींचा गालिचा. पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर आत लॅटेक्सचा गोंद असतो. असा गालिचा भिजवू नका, गोंद सुटतो आणि वास मारतो. मग रंग तपासा: ओलं पांढरं फडकं प्रत्येक रंगावर काही मिनिटं दाबून धरा. गडद लाल आणि निळ्याकडे जास्त लक्ष द्या. फडक्याला रंग लागला तर घरी धुणं सोडून द्या.

धुतल्यावर खरी कसोटी वाळवण्याची. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. म्हणून लव बोटांनी फाकून बुडाशी हात लावा, पाठही चाचपा. उभे धागे बहुतेकदा सुती असतात, ते ओले राहिले की बुरशी येते आणि कुजतात. धुतल्यावर वायपरने लवेच्या दिशेने पाणी निथळून काढा, गालिचा जमिनीपासून वर, सपाट ठेवा आणि सावलीत पंखा लावा. एका दिवसात वाळला पाहिजे. इतकी सोय नसेल तर मोठा गालिचा घरी धुवू नये.

आता राहिली कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. उडणारा छोटा पतंग लोकर खात नाही, खाते ती त्याची अळी, आणि ती राहते सोफ्याखाली, कपाटामागे, जिथे उजेड आणि केरसुणी पोचत नाही. महिना-दोन महिन्यांनी फर्निचर सरकवून तिथे व्हॅक्यूम फिरवा. पांढरे बारीक कोष किंवा टक्कल पडलेले ठिपके दिसले आणि गालिचा लहान असला, तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. डांबराच्या गोळ्यांची वाफ माणसांनाही बाधते, मी त्या घरात ठेवत नाही. गालिचा बांधून ठेवायचा तर आधी स्वच्छ आणि पूर्ण कोरडा करा, घडी न घालता गुंडाळा, सुती चादरीत बांधा आणि दर काही महिन्यांनी उलगडून दोन्ही बाजू तपासा.