गच्चीवर आडोशाला बांबू: या चुका टाळा

जुलै संपत आला की सांगलीकडच्या गच्च्यांवर एकच तक्रार असते: जूनमध्ये लावलेला बांबू पिवळा पडला. मग आणखी पाणी, नाहीतर मूठभर युरिया. दोन्हींनी तो लवकर जातो. दोष मातीत असतो.

कृष्णाकाठची काळी माती ऊस पोसते, म्हणून ड्रममध्येही चालेल असं धरून चालू नका. पावसात ती फुगते, हवेच्या जागा बुजतात, मुळं गुदमरतात. एका गच्चीवर अशा मातीने भरलेले सहा ड्रम होते. प्रत्येकाच्या तळाला एकच भोक, तेही गाळाने बुजलेलं. एक बेट उपसलं तर आंबूस वास आला. मुळं काळी, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून हातात दोऱ्यासारखी शीर उरायची. चार बेटं गेली. दोन वाचली, कारण त्या ड्रमांच्या तळाला तडे होते.

हीच माती एप्रिलमध्ये उलटं वागते. वाळून आक्रसते, ड्रमच्या कडेपासून सुटते, आणि ओतलेलं पाणी फटीतून सरळ खाली जातं. तळातून पाणी आलेलं बघून माणूस निश्चिंत होतो. आतला गोळा मात्र कोरडाठाक.

तेव्हा २०० लिटरचा ड्रम मधोमध आडवा कापा. तळाला अर्ध्या इंचाची ८-१० भोकं, कडेला तळापासून इंचभर वर आणखी ४, आणि ड्रम विटांवर. खाली खडीचा थर घालायची सवय सोडा. निचरा त्याने वाढत नाही, मुळांची जागा तेवढी जाते. भोकांवर जाळीचा तुकडा पुरे. भरताना लाल माती ४ घमेली, कुजलेलं शेणखत २, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २, भाताचं तूस १. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ) स्वस्त मिळते, पण ताजी अजिबात नको. कुजताना तापते आणि मुळं भाजते. भरलेला ओला ड्रम सव्वाशे-दीडशे किलो होतो, म्हणून ओळ भिंतीवर किंवा बीमवर येईल अशी लावा, स्लॅबच्या मधोमध नाही.

बांबू निवडताना पिवळ्या काठीवर हिरव्या रेघांचा देखणा प्रकार बाजूला ठेवा. तो मोठ्या जमिनीचा, ड्रममध्ये कुढतो. आडोशाला बांबुसा मल्टिप्लेक्स घ्यावा: बोटाएवढी काठी, खालपासून पानं, बेट करून राहणारा. पाण्यात ठेवतात तो लकी बांबू मुळात बांबूच नव्हे.

आता घाई. महिन्याभरात पडदा हवा म्हणून एका ड्रममध्ये तीन-तीन बेटं कोंबतात. हे करू नका, एकच लावा. बांबूची काठी जेवढ्या जाडीने मातीतून वर येते तेवढीच राहते आणि एका हंगामात पूर्ण उंची गाठते. जाड, उंच काठ्या पुढच्या पावसाळ्यांतल्या कोंबांतून येतात. म्हणून पहिल्या वर्षीचे बारीक कोंब खुडायचे नाहीत, कंद त्यांच्याच जिवावर पोसतो. शेंडा कापला की ती काठी पुन्हा उंच होत नाही, पण बाजूच्या फांद्या दाटतात. हवी ती उंची आल्यावर, गाठीच्या जरा वर कापा.

साताऱ्याकडच्या उघड्या गच्चीवर वाऱ्याला हलकं समजू नका. दोन खांबांत तार ओढून काठ्या सैल बांधा.

दुपारी पानं गुंडाळली तर घाबरू नका. सकाळीही गुंडाळलेली असतील तर बोट दोन पेरं मातीत घाला: कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर भोकं तपासा. गळलेली पानं झाडून टाकू नका, ती बुंध्यालाच राहू द्या.

दोन-तीन वर्षांनी पाणी वरच तुंबायला लागलं की ड्रम मुळांनी भरलाय. जूनच्या पहिल्या पावसात बेट बाहेर काढा, करवतीने कंद कापून दोन भाग करा, प्रत्येकात ३-४ काठ्या ठेवा. तीन वर्षांवरच्या जुन्या काठ्या तेव्हाच बुडापासून छाटा आणि कंदाचे दोन्ही भाग लावून पंधरा दिवस सावलीत ठेवा.