ट्रेलर घेऊन निघायच्या आधी: सामान, पाणी आणि सांडपाण्याची टाकी

कपडे, भांडी, अंथरुणं सगळे नीट भरतातच, त्यावर काही लिहीत नाही. सगळ्यात आधी ट्रेलरवरचं (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) वजनाचं स्टिकर वाचा. समजा कमाल वजन 1600 किलो आणि रिकाम्या ट्रेलरचं 1250, म्हणजे हातात 350 उरले, आता त्यातून पाण्याची 100 लिटरची टाकी भरली की सरळ 100 किलो गेले कारण एक लिटर म्हणजे एक किलो, मग गॅसचे दोन सिलिंडर, बॅटरी (रिकाम्या वजनात हे धरलेलं असतंच असं नाही, विचारून घ्या), गीझरमधलं वीसेक लिटर पाणी, असं करत करत चौघांच्या सगळ्या सामानाला दोनशे किलोसुद्धा उरत नाहीत.

आणि सांडपाण्याची टाकी. परत निघताना रिकामी करायची. मागच्या वेळी हीच राहिली आणि परतीच्या पहिल्याच उतारावर ट्रेलर मागे डुलायला लागला, म्हणून आधीच सांगून ठेवतोय.

जड सामान खाली आणि एक्सलच्या (चाकं जोडणारा आडवा दांडा) आसपास, थोडं पुढच्या बाजूला. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या सांध्यावर, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पाहिजे, म्हणजे 1500 किलोला 150 ते 225. कमी पडला की डुलणं सुरू. मुलांच्या सायकली मागच्या बंपरला लटकवू नका प्लीज, तिथलं 30-40 किलो हिचला वर उचलतं. उलट सगळं पुढे कोंबलं तर गाडीचं मागचं टोक दबतं, आणि हिचवरचा भार गाडीच्याच क्षमतेत मोजायचा असतो, माणसं आणि डिकी धरून!

अंदाजावर जाऊ नका, वजनकाट्यावर न्या. ट्रेलर सोडून त्याचं पूर्ण वजन घ्या, मग गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवून घ्या, फरक म्हणजे हिचवरचा भार. पाण्यासकट, पूर्ण भरलेला ट्रेलर न्या, नाहीतर उपयोग नाही.

पाणी पोचल्यावर मिळणार असेल तर टाकी भरून नेऊ नका, वाटेत फ्लशपुरतं आणि प्यायला बाटल्या पुरे. अर्धवट टाकी नको, पाणी आत हेलकावे खातं.

आता परत तेच. पाणी वापरलं म्हणजे वजन गेलं असं वाटतं, पण ते जात नाही, सिंकमधून खालच्या टाकीत जातं. चांगल्या पाण्याची टाकी एक्सलच्या पुढे आणि सांडपाण्याची मागे असेल तर 80 लिटर वापरल्यावर तेच 80 किलो पुढून मागे गेले, एकूण वजन तेवढंच आणि हिच हलकी! तुमच्या ट्रेलरच्या टाक्या कुठे आहेत ते आजच खाली वाकून बघा. सांडपाण्याची टाकी निघायच्या आधी रिकामी करायची, दहा मिनिटं लागतात, घाईतसुद्धा करायची. आधी टॉयलेटची, मग सिंकची, म्हणजे पाईप धुवून निघतो. ठरलेल्या जागीच, रस्त्याकडेला नाही. जागा कुठे आहे ते जातानाच शोधून ठेवा.

टायरची हवा थंड असताना बघा. हिचची पिन, सेफ्टी चेन, लाइट, ब्रेक. गॅस बंद. खिडक्या, कपाटं लॉक. सांडपाण्याची टाकी रिकामी? व्हॉल्व्ह बंद, झाकण लावलं? निघा.